डॅरनरावांचा रुसवा

माझं नाव पार्वती, शाळा चौथीपर्यंत, गाव गुहागरच्या अलीकडे खाडीच्या वरच्या अंगाला, आणि ताई, आधीच सांगते, तुम्हाला दिवाळी अंकासाठी जे पाहिजे ते माझ्याकडे नाही. गोरा जावई मोदक कसा खातो, आई म्हणताना त्याची जीभ कशी वळत नाही, असलं गोडगोड लिहून आणायला तुमच्या इथल्या मस्कतच्या मराठी मंडळाने तुम्हाला पाठवलंय, मला माहीत आहे. चहा घ्या, चिवडा घ्या. पण लिहायचं असेल तर मी सांगते ते लिहा, आणि माझी वाक्यं सोज्वळ करू नका. मला राग आलेला आहे, तो रागासारखाच दिसू दे.

आमचा जन्म चिरेखाणीत गेला. आमच्याकडचा लाल जांभा दगड असतो ना, त्याचे चिरे पुरुषांनी खाली खड्ड्यात तोडायचे आणि बायकांनी डोक्यावरून वर आणायचे. चुंबळ ठेवून ठेवून माझ्या टाळूवरचे केस गेले ते गेलेच, हे बघा. माझी मुलगी शुभांगी नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हा एक दिवस वरून चिरा निसटला आणि तिच्या बापाच्या डोक्याला लागला. रक्त फार नव्हतं. मुकादम आला, तोंडावर पाणी मारलं, म्हणाला काय रे, दिसतंय ना, ही बोटं किती सांग, ह्यांनी सांगितली बरोबर, तर मुकादम म्हणाला शाब्बास, मर्द आहेस, जरा सावलीत बस आणि जेवून परत उतर. आणि हे उतरले. मर्द म्हटलं ना, मग उतरायलाच पाहिजे. संध्याकाळी घरी आले, उलटी झाली, म्हणाले ऊन बाधलं असेल, आडवे झाले ते सकाळी उठलेच नाहीत. रडत सांगण्यासारखं आता त्यात काही नाही, रडून झालं आहे. पण हे ध्यानात ठेवा, पुढचं सगळं इथूनच येतं.

शुभांगीला नर्स केली. कशी केली ते विचारू नका, चिरे वाहून केली. ती इकडे मस्कतला आली, एका हॉस्पिटलात लागली आणि तिथे हा आला, खांदा निखळलेला घेऊन. डॅरन. एवढा उंच की पलंगावरून पाय बाहेर. खांदा कशाने निखळला तर शुक्रवारी इथले ऑस्ट्रेलियाचे लोक जमतात आणि त्यांचा तो फुटबॉल खेळतात, त्यात. पुढे काय झालं ते शुभांगीला विचारा, मला त्या दोघांनी सगळं ठरल्यावर सांगितलं. मी म्हटलं दारू पितोस का, तो म्हणाला थोडी. मी म्हटलं मारतोस का, तो म्हणाला नाही. बरं, म्हटलं. आमच्या गावातल्या स्थळांना हे विचारायची सोयही नसते.

आता त्याची गोष्ट. ती मला कळली तुकड्यातुकड्याने, अर्धी हिंदीत, अर्धी हातवाऱ्यांनी, उरलेली शुभांगीकडून. मला इंग्रजी नाही, त्याला मराठी नाही, मग आम्ही सासूजावई बोलतो ते इथल्या भाषेत, जेवायचं असलं की यल्ला आणि भात पुरे झाला की खलास. तर तो त्यांच्याकडच्या गव्हाच्या मुलखातला. नजर जाईल तिथे गहू, मध्ये मेंढ्या, शेजाऱ्याकडे जायचं तर गाडी काढायची. बाप मेंढ्यांची लोकर कातरायचा. शनिवार आला की बाप खेळणार, काका खेळणार, गावचा पाववाला खेळणार, आणि बायका गाडीत बसून हॉर्न वाजवणार. हा चालायला लागला तोच त्या चेंडूमागे.

चेंडू तरी कसा, आपल्या तवशाच्या काकडीसारखा, लांबट. पडला की कुठे उडेल त्याचा भरवसा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब, वर आडवं काही नाही, मधून लाथाडायचा. मारला बरोबर की पांढऱ्या कपड्यातला एक माणूस गंभीर तोंड करून दोन्ही हातांचं एकेक बोट पुढे रोखतो, जसं काही दोन भांडखोर पोरांना एकदम दटावतोय. क्रिकेटवाले कसे, पायाला बांधतात, हाताला बांधतात, डोक्यावर लोखंड घालतात. हे बिनबाह्यांच्या गंजिफ्रॉकवर आणि आखूड चड्डीवर. आणि सगळ्यात कौतुक कशाचं, तर समोरच्याच्या पाठीवर गुडघे रोवून वर चढायचं आणि चेंडू आभाळातून काढायचा. डॅरन त्यात पटाईत होता. पाठीवर चढणाऱ्याला उतरायला पायऱ्या नसतात हो. तो डोक्यावर पडला काय आणि पाठीवर पडला काय, लोक टाळ्या चढण्यालाच वाजवतात.

मिसरूड फुटलं तेव्हाच त्याला शहरातल्या मोठ्या क्लबने उचललं. पेपरात फोटो, गल्लीत पोरं नाव घेतात, बापाने गावात सगळ्यांना दारू पाजली. काही वर्षं असं चाललं. मग एकदा काय झालं, ते तो मला इथे या स्वयंपाकघरात उभा राहून हसत सांगत होता, मी तांदळाचं पीठ मळत होते. कुणाचा तरी गुडघा कानशिलावर बसला, हा पडला, उठला आणि समोरच्या टीमच्या माणसांत जाऊन उभा राहिला. सगळं मैदान हसलं. मग पाण्याची बाटली घेऊन माणूस आला, बोटं दाखवली, किती आहेत सांग, ह्याने सांगितली, त्यांना खेळ शिकवणारे गुरुजी म्हणाले चॅम्पियन आहेस, जा. मी विचारलं फिर? म्हणाला फिर खेला, गोल किया. पण तो गोल त्याला आठवत नाही, दुसऱ्या दिवशी पेपरात वाचला. आणि असं एकदा नाही, कितीदा तरी, त्याला मोजताही यायचं नाही.

काय सांगू तुम्हाला, माझा हात पिठातच राहिला. तेच पाणी, तीच बोटं, तीच शाबासकी. एक खाणीतला अडाणी आणि एक शिकलेला, पैसेवाला, पण मुकादम तो मुकादमच. तो हसत होता आणि मला वाटत होतं त्या गुरुजीला आमच्या खाणीत उतरवावं आणि वरून एकेक चिरा सोडावा, आणि विचारावं, किती बोटं?

मग गुडघा गेला. गुडघा गेल्यावर क्लबने हार घातला, हस्तांदोलन केलं आणि दार लावलं. लहानसहान क्लबांत खेळला आणि शेवटी नोकरी धरून इकडे आला. नोकरी कसली माहीत आहे? सेफ्टी ऑफिसर. दिवसभर उन्हात उभं राहून मजुरांना ओरडायचं, हेल्मेट घाला, हेल्मेट घाला. हसा, हसा, मी पण हसले होते.

लग्न गावात लागलं. गावाने त्याचा डॅरनराव केला, फेटा बसेना म्हणून दोन फेटे जोडले. आमच्यात जावई म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. जावयाने बसल्या जागेवरून हलायचं नाही, त्याच्या पानात पहिलं वाढायचं, आणि जावई रुसला तर चूक आपली. रुसणं हा त्याचा हक्कच. माझे थोरले दीर, तात्या, आपल्या सासुरवाडीला घड्याळासाठी रुसून दिवसभर गोठ्यात बसले होते, ते अजून अभिमानाने सांगतात.

शुभांगीच्या बाळंतपणाला, माझी नात तारा झाली तेव्हा, मी मस्कतला आले आणि मग येत-जात राहिले, व्हिसा जावईच काढतो. लेकीच्या घरी राहते म्हणून नावं ठेवणारे ठेवतात, त्यांच्या घरी तर मी राहत नाही ना. सुरुवातीची वर्षं चांगली गेली. तो फोडणीच्या वासाने शिंकायचा, माझी तेवढीच तक्रार.

मग हळूहळू त्याचं काहीतरी बिनसलं. मत्रहच्या बाजारात मला लोबानाच्या दुकानाशी उभी करून गाडी आणतो म्हणून गेला तो घरीच गेला. मी तिथे बसून राहिले, दुकानदाराने चहा पाजला, शुभांगी धावत आली. घरी हा टीव्ही बघत बसलेला, मला बघून म्हणाला, कहाँ गया था? पडदे ओढून बसायचा. मिक्सर लावला की कानावर हात. एकदा ताराने चमचा पाडला तर ह्याने ताट भिंतीवर फेकलं, डाळ छतापर्यंत. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तर दुपारी हाच भिंतीवरचा डाग बघून मला विचारतो, ये किसने किया? मला वाटलं नाटक करतोय. शुभांगीला वाटलं कामाचा ताण. नर्स असून वाटलं. दुसऱ्याच्या नवऱ्याचा ताप हात लावून कळतो, आपल्याचा कळत नाही.

त्या साली अधिक महिना आला. धोंड्याचा महिना, जावयाला बोलवून अनारशांचं ताट द्यायचा मान. तात्यांचा हुकूम, डॅरनरावांना घेऊन या. आम्ही गेलो. पोचल्या दिवसापासून हा गप्प. पंगतीत बसला तो न जेवता उठला. मागच्या दारी विहिरीपाशी डोक्यावर पंचा घेऊन बसला. तात्यांचं नाव विसरला, तात्यांना वाटलं मुद्दाम. झालं, सगळ्या गावाला रोग कळला, जावई रुसले!

आणि मग रुसवा काढायची शर्यत लागली. कोणी म्हणालं लग्नात जावयाला अंगठी हलकी दिली होती, तात्यांनी जड दिली. कोणी म्हणालं मानाचं पान आधी शेजारच्या जावयाला गेलं. मग रोज एका घरी जेवण, आणि जेवण म्हणजे नुसतं नाही, मान म्हणून ढोल, मान म्हणून लाऊडस्पीकर, मान म्हणून डोळ्यांवर दिव्यांच्या माळा. ज्या माणसाला मिक्सरचा आवाज सोसत नाही त्याच्या कानाशी आम्ही ढोल बडवला! तो जितका डोकं धरून बसायचा तितके आम्ही जोरात मान द्यायचो. तारा मला म्हणाली, तिचं मराठी अडखळत असतं, आजी, डॅडी रुसला आहे की सिक आहे? मी म्हटलं गप, मोठ्यांचं तुला काय कळतंय. मग तो ढोलवाल्याच्या अंगावर धावून गेला, ढोल फोडला आणि तिथेच अंगणात कोसळला. तरी तात्या म्हणतात, ढोलापेक्षा ब्यांड लावायला हवा होता.

मस्कतला परत आल्यावर शुभांगीने त्याला मोठ्या डॉक्टरकडे ओढत नेला. डोक्याचे फोटो काढले, कोडी घातली, मागचं सगळं खोदून विचारलं. डॉक्टर म्हणाले जुने मार आहेत, एकावर एक, आतून घर पोखरलं आहे. गेलं ते येणार नाही, आहे ते जपा. आणि यापुढे या डोक्याला एकही दणका बसता कामा नये. खेळ बंद. शुभांगी रडली. मी नाही रडले. मला एवढं कळलं की ह्याला आता कोणी खड्ड्यात उतरवायचा नाही.

आता तुमच्या मंडळातल्या बायका ज्यावर कुजबुजतात ते सांगते, त्यांनी फोनवर बघितलं ते अर्धंच आहे. हिवाळ्यात दुबईची टीम इथे खेळायला येणार होती. इथल्या टीमचा कप्तान ब्रेट, गालापर्यंत मिशा, आमच्या अल् खुवैरच्या घरी आला. म्हणाला डॅरनचं नाव पोस्टरवर टाकलं तर लोक येतील, देशात मोठा खेळाडू होता. शुभांगीने स्वच्छ नाही सांगितलं, डॉक्टरांचं म्हणणं समजावलं. ब्रेट म्हणाला खेळणार नाही, शपथ, नुसता हात हलवील, पहिला चेंडू फेकील. मी त्या मिशाळाला कोकम सरबत दिलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं, सरबताचं.

तरी मला भरवसा नव्हता, मी डॅरनचे खेळायचे बूट तांदळाच्या पिंपात खाली पुरून ठेवले. त्या शुक्रवारी शुभांगी ड्यूटीवर, मी ताराची वेणी घालत होते, जावई हात हलवायला गेले. भात लावायला पिंप उघडलं तर तांदूळ लादीवर सांडलेला आणि बूट नाहीत. घरातली वस्तू विसरणारा माणूस, पण बूट बरोबर शोधले. ताराला धरलं आणि टॅक्सी केली, सीबच्या बाजूला मैदान, ताराला वाट माहीत. टॅक्सीवाला ओमानी म्हातारा, माझं तोंड बघून म्हणाला खैर इन्शाल्ला, म्हणजे देव बरंच करील. मी म्हटलं यल्ला.

पोचले तर हा बिनबाह्यांचा गंजिफ्रॉक घालून रांगेत उभा, खेळायला. ब्रेट त्याच्या पाठीवर थापा मारतोय, आणि त्या थापेबरोबर काय बोलतोय ते कळायला मला इंग्रजी लागत नाही. मांडवात मडमा टोप्या घालून बसल्या होत्या, तिथली प्लास्टिकची एक खुर्ची उचलली, सरळ आत गेले, मैदानाच्या मधोमध जिथे चेंडू उडवतात तिथे ठेवली आणि बसले. पदर खोचला आणि बसले.

शिट्ट्या वाजल्या. लोक फोन काढून उभे. ब्रेट धावत आला, मामा, प्लीज, मामा, इथे आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात. म्हटलं मी तुझी कसली मामा, शपथ घेऊन सरबत प्यायलास, ढोंग्या, मेल्या, बायका-पोरांच्या माणसाला पोस्टरवर चिकटवतोस, तुझ्या मिशा जळोत, असं बरंच. सगळं तोंड मोकळं केलं. तारा म्हणाली, शी सेज नो. मी म्हटलं एवढं बोलले आणि एवढंच सांगितलंस? म्हणाली आजी, बाकीचं मी सांगितलं तर मम्मी मला ओरडेल. मग मी म्हटलं बरं, आता सांगते ते मात्र सगळं सांग. आणि त्या उन्हात मी तिच्या आजोबांचं सांगितलं. चिरा, पाणी, बोटं, मर्द आहेस, जेवून उतर. पोर अडखळत अडखळत एकेक सांगत गेली. तिला ते आधी माहीत नव्हतं, तिथेच कळलं. ती रडत होती पण थांबली नाही.

ब्रेट म्हणाला, फक्त अर्धा तास, मामा. मी म्हटलं आमच्या मुकादमाने जेवायची सुट्टी तरी दिली होती. ते ताराने सांगितल्यावर दुबईवाल्यांचा एक दांडगा पुढे आला, म्हणाला मी त्या माणसाच्या अंगावर जाणार नाही, आणि पंचाने शिट्टी खिशात टाकली. ब्रेटने मान खाली घातली. घालेल नाही तर काय.

मग डॅरन आला. चेहरा लालबुंद. सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला, काय काय ओरडला, ताराला विचारलं तर तिने कानांवर हात ठेवले. मी म्हटलं, डॅरनराव, खलास. तो म्हणाला, नो खलास. मी म्हटलं, खलास. तो इतका जवळ उभा होता की मला वाटलं आता खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवणार. ठेवलं असतं तर परत येऊन बसले असते. त्याने गंजिफ्रॉक काढला, माझ्या मांडीवर फेकला आणि उघडाच चालत गेला. त्याच्या पाठीवर कसले कसले जुने वण आहेत, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. टाळी कोणी वाजवली नाही.

मग तुमचं मंडळ आहेच. सासूने जावयाचा चारचौघांत अपमान केला. जावयाचे पाय धुवायचे असतात, इथे सासू त्याच्या डोक्यावर बसली. गावाहून तात्यांचा फोन, पाय धर, माफी माग, घराण्याची अब्रू गेली. मी म्हटलं तात्या, तुम्ही ढोल घेऊन या, मग बघू. तुमच्या त्या अध्यक्षबाई मला म्हणाल्या, अहो पार्वतीबाई, पुरुषाचा खेळ म्हणजे त्याचा प्राण असतो. मी म्हटलं असेल, माझ्या नवऱ्याचाही प्राणच होता, तो मुकादमाने घेतला. खेळाची कौतुकं करणारे सगळे मांडवातच बसलेले असतात. लिहा हे. असंच लिहा.

तेव्हापासून डॅरन माझ्याशी बोलत नाही. कामाला जातो, आता ऑफिसात बसवतात. पडदे अजून ओढतो. परवा ताराच्या शाळेच्या ऐवजी हॉस्पिटलाच्या दारात जाऊन उभा राहिला. शुभांगीचा वाढदिवस विसरला. डॉक्टर म्हणतात हे असंच उतरत जाणार, हळू जाईल एवढंच बघायचं. माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही. त्या पाण्याच्या बाटलीवाल्यावर आहे, त्या गुरुजीवर आहे, ब्रेटवर आहे. परवा तो मिशाळ फुलं घेऊन आला होता, मी दारातच घेतली आणि दारातच ठेवली.

पण एक सांगते. ताट फेकलं होतं ते हा माणूस दुपारपर्यंत विसरला होता, आठवतं ना? हे नाही विसरला. रोज सकाळी मी त्याचा चहा त्याच्यासमोर ठेवते. तो कपाकडे बघतो, माझ्याकडे बघतो, आणि बोटाने कप बाजूला सरकवतो. मग मी आत गेले की पितो, मला कपाचा आवाज येतो. तारा परवा म्हणाली, आजी, आता डॅडी खरा रुसला आहे. मी म्हटलं हो गं बाई, हा खरा. रुसायला आठवावं लागतं.

लोक मला म्हणतात काढा त्याचा रुसवा. मी काढणार नाही. रुसा, डॅरनराव, सुखाने रुसा, माझ्या मरणापर्यंत रुसा. ज्या दिवशी हा माझ्याकडे बघून हसला आणि माझ्यासमोरच चहा घेतला, त्या दिवशी मी काय ते समजेन.

आज सकाळी सरकवला. बघा, रिकामा कप अजून तिथेच बाजूला आहे.